कादंबरी अर्ध्यावर थांबलीय, उत्साह कुठून आणू?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

त्या चाळिशीत आहेत, नोकरी करतात, दोन मुलं शाळेत आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. वडील गेल्यावर सुलभा नावाच्या शिक्षिकेला कळतं की राहतं घर त्यांनी एका अनोळखी बाईच्या नावावर केलं आहे. सुलभाचा भाऊ महेश कोर्टात जाऊ म्हणतो. वडिलांचे जुने वकीलमित्र काहीतरी लपवत आहेत. अकरा प्रकरणं आणि सुमारे ३८,००० शब्द झाले आहेत. बाराव्या प्रकरणात सुलभा ‘त्या बाईला’ भेटायला जाते आणि लेखन तिथेच अडलं आहे. मध्ये घरात एक मोठं आजारपण झालं. गेल्या सात महिन्यांत एकही नवं पान झालेलं नाही. मात्र पहिली तीन प्रकरणं त्यांनी कितीतरी वेळा पुन्हा लिहिली. आता दुसऱ्याच कादंबरीची कल्पना सुचली आहे आणि तीच जास्त चांगली वाटते. त्या लिहितात : ‘सुरुवातीला रात्र रात्र जागून लिहायचे. आता फाईल उघडायचीही इच्छा होत नाही. सुट्टी मिळाली की सलग बसून संपवीन असं म्हणते, पण सुट्टी येते आणि जाते. ज्यांना खरंच लिहायचं असतं त्यांना असं होत नसणार. घरचे विचारतात, झाली का कादंबरी? गेलेला उत्साह परत कसा आणू? की सोडून देऊ?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला आधी बाजूला काढायचं आहे. ‘ज्यांना खरंच लिहायचं असतं त्यांना असं होत नसणार.’ हे तुम्ही ओघात लिहिलं आहे, पण मला वाटतं, फाईल बंद ठेवण्याचं बरंचसं काम हेच वाक्य करतं आहे. एकदा ते खरं धरलं की लिहावंसं न वाटणारी प्रत्येक संध्याकाळ तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते. असा पुरावा रोज बघायला कोणाला आवडेल? त्यापेक्षा फाईल न उघडलेली बरी.

अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९३८ मध्ये आपली सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिली. एवढं मोठं पुस्तक, पण खर्डा काही महिन्यांतच पुरा झाला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस झपाटून लिहीत होता. पण लिहिताना ते शेजारी एक डायरी ठेवत होते, आणि ती डायरी पुढे छापली गेली. पाहुणे, शेजारचा आवाज, घरातलं आजारपण, जागा विकत घेण्याची गडबड हे सगळं तिच्यात आहे. आपल्याला हे झेपणार नाही, आपण लेखक नाहीच, लोकांना आणि स्वतःला फसवतो आहोत, ही शंकाही तिच्यात आहे. कादंबरी १९३९ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. या गोष्टीत पारितोषिकापेक्षा मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते. आधी शंका डायरीत लिहून काढायची आणि मग त्या दिवसाचं कादंबरीचं काम करायचं. शंका मिटेपर्यंत ते थांबले नाहीत. तुम्हीही एक साधी वही घेऊन बसा. आज काय नकोसं वाटतंय ते पाच-सात ओळींत तिच्यात लिहा, आणि मग कादंबरीकडे वळा.

आता उत्साहाबद्दल. उत्साह आधी येतो आणि मग लिहिणं होतं, असा क्रम तुम्ही गृहीत धरला आहे. पहिल्या वर्षी तो खरा होता, कारण तेव्हा सगळंच नवं होतं. सुलभा कोण, तिचं घर कसं, वडील कसे बोलायचे, हे शोधण्याचाच आनंद होता. त्या आनंदावर लांब मजल मारता येत नाही. अर्ध्यावर आलं की शोधण्यासारखं कमी उरतं आणि निभावण्यासारखं जास्त. हे जवळजवळ प्रत्येक लांब लेखनात होतं. हस्तलिखितं वाचण्याचं काम मी करत आले आहे, त्यामुळे अर्ध्यावर राहिलेली पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी कथा वाईट म्हणून राहिलेली नव्हती. लिहिणाऱ्यानं या बदलालाच अपयश मानलं, म्हणून ती राहिली.

रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठांतल्या अध्यापकांच्या लेखनाचा अभ्यास केला. त्यांचा एक छोटा प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना सांगितलं, निकड नसेल तर लिहूच नका. काहींना सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. आणि काहींना ठरलेल्या वेळी लिहिण्याची सक्ती केली. सक्तीवाल्यांची पानं जास्त भरली, यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. प्रयोगातली माणसं थोडी होती आणि ती कादंबऱ्या लिहीत नव्हती, म्हणून याला मी शेवटचा शब्द म्हणणार नाही. पण मी जे पाहत आले आहे त्याच्याशी हे जुळतं. सुचणं बहुतेक वेळा लिहिता लिहिता होतं. सात महिने न लिहिता तुम्ही सुचण्याची वाट पाहताय, आणि सुचायची जागाच बंद आहे.

इथपर्यंतचं तुम्हाला कदाचित माहीत असेल. मला खरं बोलायचं आहे ते बाराव्या प्रकरणाबद्दल.

तुमच्या पत्रात सुलभाचं नाव आहे, महेशचं आहे. वकिलांचं नाव नसलं तरी ते कोण, वडिलांशी त्यांचं नातं काय, काय लपवतात, हे आहे. जिच्यामुळे कादंबरी उभी राहिली ती मात्र पत्रभर ‘ती बाई’ आहे. तिचं वय, काम, चेहरा यांतलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. सुलभा अकरा प्रकरणं चालून तिच्या दाराशी आली आहे आणि दाराआड कोणीच नाही. तिथे तुमचा हात थांबला, तर तो उत्साह संपला म्हणून थांबला असं मला वाटत नाही. पुढे काय लिहायचं ते ठरलेलं नाही, आणि तुमच्या आतल्या लेखिकेला ते कळलेलं आहे. म्हणून ती तुम्हाला दर वेळी पहिल्या प्रकरणाकडे परत पाठवते. तिथे सगळं ओळखीचं आहे.

तेव्हा उत्साह आणण्याचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि या बाईचा विचार करा. तिला नाव द्या. मग वहीत काही प्रश्नांची उत्तरं लिहा, छान भाषेत लिहायची गरज नाही. वडील गेल्याचं तिला कोणी सांगितलं, की सांगितलंच नाही? सुलभा येणार हे तिला माहीत आहे का? दारावर टकटक झाली त्याच्या मिनिटभर आधी ती काय करत होती? तिला ते घर हवं आहे का? सुलभाच्या लहानपणाबद्दल तिला काही माहीत आहे का, जे सुलभालाही माहीत नाही? या भेटीत कोणती एक गोष्ट तिला सांगायची नाही?

प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन उत्तरं सुचतील. त्यांतलं सुलभाला सर्वांत गैरसोयीचं असेल ते निवडा. पहिलं सुचणारं उत्तर बहुधा असं असेल की वडिलांचं त्या बाईशी जुनं प्रेमप्रकरण होतं. वाचक तेच धरून बसला आहे, आणि सुलभाही. समजा, तसं काही नव्हतंच. समजा, वडिलांनी तिच्याकडून पैसे उसने घेतले होते, ते कधी फेडता आले नाहीत, आणि घर ही ती परतफेड आहे. समजा, ते पैसे ज्या वर्षी घेतले त्याच वर्षी सुलभाचं पुढचं शिक्षण सुरू झालं होतं. मग ज्या शिक्षणावर सुलभा उभी आहे, जे शिकवून ती पोट भरते, त्याची किंमत त्या घरात अडकलेली आहे. महेशच्या कोर्टाच्या धमकीला आता वेगळा अर्थ येतो. वकील गप्प का होते, तेही कळतं. आणि सुलभा त्या दारातून बाहेर पडते तेव्हा तिच्यापुढे एक नवा प्रश्न असतो. भावाला हे सांगायचं की नाही? तेरावं प्रकरण इथून सुरू होऊ शकतं.

हे मी फक्त उदाहरणादाखल बांधलं आहे, तुमची कादंबरी तुम्हाला जास्त ठाऊक आहे. दाखवायचं होतं ते इतकंच की एका पात्राबद्दल एक अवघड निर्णय घेतला की पुढची तीन-चार प्रकरणं दिसायला लागतात. पुढचं दिसलं की बसावंसं वाटतं. बऱ्याचदा आपण ज्याला उत्साह म्हणतो तो एवढाच असतो.

यात आणखी एक शक्यता आहे, ती जपून मांडते. कथेतल्या वडिलांमध्ये तुमच्या ओळखीच्या कोणाची सावली असेल. ती असेल तर त्या दाराआडचं लिहिणं कठीण जाणारच, कारण तिथे कल्पनेला थोडी मोकळीक दिली तरी अपराधी वाटतं. अशा वेळी ते प्रकरण वेगळ्या वहीत, हातानं लिहा आणि स्वतःला सांगा की हे कोणी वाचणार नाही. कादंबरीत काय घ्यायचं, किती बदलायचं, कोणाला काय वाटेल, हे प्रश्न खर्डा पुरा झाल्यावरचे आहेत. आज ते सोडवायला बसलात तर लिहायला काही उरणार नाही.

आणि इतकं करूनही ती भेट लिहवत नसेल, तर ती ओलांडून पुढे जा. फाईलमध्ये चौकटी कंसात सरळ लिहा : [इथे भेट. सुलभाला पैशांचं कळतं. चहा अर्धा टाकून निघते. पुढे.] आणि तेरावं सुरू करा. शेवटचं प्रकरण स्पष्ट दिसत असेल तर तेच आधी लिहा. कादंबरी वाचकानं पहिल्या पानापासून वाचायची असते, लिहिणाऱ्यावर तसं बंधन नाही. असे कंस मोठमोठ्या हस्तलिखितांत असतात. छापलेल्या पुस्तकात ते दिसत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की बाकीचे लोक सलग लिहितात.

पहिल्या तीन प्रकरणांच्या पुनर्लेखनाबद्दल मी कडक बोलणार आहे. ते थांबवा. ती तीन प्रकरणं सुधारत असतील, नाही म्हणत नाही. पण शेवट ठरल्याशिवाय सुरुवात नीट करता येत नाही. वर मी बांधलेलं कथानक क्षणभर खरं धरा. मग पहिल्या प्रकरणात वडील पैशाबद्दल एखादं वाक्य बोलून जायला हवेत, सुलभाच्या प्रवेशाच्या दिवसाचा कुठेतरी ओझरता उल्लेख हवा. हे तुम्हाला आज कसं कळणार? आज घासूनपुसून ठेवलेली वाक्यं उद्या काढून टाकावी लागतील, आणि घासलेली वाक्यं काढणं फार जिवावर येतं. मग ती वाचवण्यासाठी कथा वाकवली जाते. हे मी अनेक हस्तलिखितांत पाहिलं आहे. पहिली चाळीस पानं देखणी असतात, आणि पुढचं सगळं त्या चाळीस पानांना सांभाळत चाललेलं असतं.

मागे जाऊन बदल करावासा वाटला की तो वेगळ्या पानावर टिपून ठेवा. ‘प्र. २ : महेश धाकटा नको, थोरला. प्र. ४ : वकील आधीच एकदा घरी येऊन गेलेत.’ आणि पुढे असं लिहा की जणू तो बदल झालेलाच आहे. बाराव्या प्रकरणापासून महेश थोरला. दुसऱ्या प्रकरणात तो अजून धाकटा असला तरी बिघडत नाही. पहिला खर्डा तुम्ही एकटीच वाचणार आहात, आणि महेश थोरला आहे हे तुम्हाला माहीत आहे.

आता वेळ. सुट्टी मिळाली की सलग बसून संपवीन, असं तुम्ही म्हणता. नोकरी आणि घर सांभाळून लिहिणाऱ्या बहुतेकांची ही योजना असते, आणि ती बहुतेकांना फसवते. एक तर सुट्टीत घराला तुम्ही जास्त लागता. दुसरं, सात महिने बंद पडलेली कादंबरी पुन्हा डोक्यात भरायलाच दोन दिवस जातात, आणि तोवर सुट्टी संपत आलेली असते. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. इतकी वाट पाहिलेल्या दिवसाकडून अपेक्षा भलतीच वाढते. त्या दिवशी साधं, जेमतेम पान झालं तर ते सहन होत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. कादंबरी ८०,००० शब्दांची होईल असं धरलं तर ४२,००० शब्द उरले. दिवसाला ३०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १,५०० शब्द. अठ्ठावीस आठवडे लागतील, साधारण साडेसहा महिने. म्हणजे जेवढा काळ फाईल बंद राहिली, त्याहून थोडा कमीच. तीनशे शब्द म्हणजे एक बऱ्यापैकी लांब ई-मेल. पुढे काय घडणार हे ठरलेलं असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, ठरलेलं नसेल तर तीन तासांतही होणार नाही. म्हणूनच त्या बाईवर मी आधी इतका वेळ घालवला.

अशा हिशेबाचं उदाहरण म्हणून अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं नाव नेहमी घेतलं जातं. टपाल खात्यात नोकरी करत असताना तो पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या आत्मचरित्रात त्यानंच हे सांगितलं आहे. हे वाचून पुष्कळ जण खचतात. पण त्यानं आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. पहाटे कॉफी आणून त्याला उठवणारा एक नोकर होता, त्या कामासाठी त्याला वर पैसे मिळायचे, आणि आपल्या यशाचं श्रेय ट्रोलपनं त्यालाही दिलं आहे. तुमच्या घरी सगळ्यांना उठवणाऱ्या बहुधा तुम्हीच आहात. तेव्हा त्याचा वेग घेऊ नका, त्याची वही घ्या. रोज किती पानं झाली याची तो नोंद ठेवायचा आणि रिकामा दिवसही रिकामा म्हणूनच दिसायचा. तुम्ही तारीख आणि शब्दसंख्या एवढंच लिहा. रिकाम्या दिवसापुढे कारण लिहू नका, नाहीतर कारणं लिहिण्यातच चांगलं गद्य खर्च होतं. राहिलेले शब्द दुसऱ्या दिवशी भरून काढायचेही नाहीत. पहिला दिवस चुकला की सहाशे, दुसरा चुकला की नऊशे, आणि चौथ्या दिवशी माणूस वहीच उघडत नाही.

वेळ ठरवताना ‘रोज लिहीन’ असं म्हणू नका. एखाद्या ठरलेल्या घटनेला लेखन जोडा : ‘मुलं अभ्यासाला बसली की मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाईन.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘जर-तर’ संकल्पांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा ते जास्त पाळले जातात, असं त्यांना दिसून आलं. कारण साधं आहे. त्या क्षणी ‘आता लिहू का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागत नाही. दमलेल्या माणसानं स्वतःला तो प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं.

उठताना दृश्य पुरं करून उठू नका. पुढचं वाक्य काय हे माहीत असताना थांबा, आणि ते वाक्य तसंच अर्धवट ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही, फक्त वाक्य पुरं करायचं असतं.

आजारपणाचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकला आहे. त्या महिन्यांत पानं झाली नाहीत याला आळस म्हणू नका. रात्री जागरण, दिवसा नोकरी आणि सतत कोणाच्या तरी औषधांच्या वेळा डोक्यात असताना कादंबरी सुचत नाही, आणि सुचायलाही नको. त्या काळाचा हिशेब या कादंबरीकडून मागू नका. पण फक्त लिहिण्यातच नव्हे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो लेखनाचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, आणि ते कादंबरीच्या आधी करा.

नवी कल्पना जास्त चांगली वाटते, कारण तिचं बारावं प्रकरण अजून आलेलं नाही. तिला हाकलून देऊ नका, हाकलली की ती जास्तच घोळत राहते. तिच्यासाठी वेगळी वही करा. जे सुचेल ते तिच्यात तारीख घालून लिहा, आणि परत सुलभाकडे या. फक्त तिचं पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका. एक अर्धी कादंबरी मनाला जेवढी टोचते, त्याच्या दुपटीहून जास्त दोन अर्ध्या टोचतात.

‘की सोडून देऊ?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मी टाळणार नाही. सोडता येते. चार वर्षं दिली म्हणून पाचवं द्यायलाच हवं असं नाही. त्या घराचं आणि सुलभाचं पुढे काय होतं याचं तुम्हाला स्वतःलाच कुतूहल उरलं नसेल, किंवा ही कथा तुम्ही कोणाला काही दाखवून देण्यासाठी घेतली होती आणि ती गरज संपली असेल, तर ती खुशाल सोडा. मात्र ठरवून सोडा. कपाटात ठेवा, घरच्यांना सांगा आणि मोकळ्या व्हा. आज तुम्ही ज्या स्थितीत आहात त्यात ना लिहिणं आहे ना मोकळेपणा, आणि त्याचा थकवा लिहिण्याहून जास्त असतो. मधला एक मार्गही पाहून ठेवा. कदाचित ही कथा ८०,००० शब्दांची नसेलच. त्या भेटीनंतर तीन-चार प्रकरणांत ती संपत असेल, तर ५०,००० शब्दांचीही चांगली कादंबरी होते. लांबी आधी ठरवून त्यात कथा ताणत बसल्यामुळेही मधल्या भागाचा कंटाळा येतो.

माझं मत विचाराल तर आज सोडू नका. निर्णय घेण्याआधी बारावं प्रकरण लिहा, कसंही. भेट होऊन गेल्यावर तुम्हाला पुढचं जाणून घ्यावंसं वाटतं की नाही, ते बघा. दाराबाहेर उभं राहून हा निर्णय घेता येणार नाही.

घरच्यांच्या प्रश्नाचं काय करायचं? ‘झाली का कादंबरी?’ याला ‘अजून नाही’ हे एकच उत्तर असतं आणि ते दर वेळी लागतं. त्याऐवजी त्यांना लहान बातमी द्या : ‘या आठवड्यात एका भेटीचं लिहितेय.’ कथानक मात्र सांगत बसू नका. गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की आपण कोण होणार आहोत याबद्दलचा संकल्प दुसऱ्यांच्या नजरेस पडला की त्यासाठीची मेहनत कमी होऊ शकते. सांगितल्याचंच थोडं समाधान मिळून जातं. कादंबरीच्या बाबतीत मला हे अगदी पटतं. रंगवून सांगितलेली गोष्ट पुन्हा लिहायला बसलं की शिळी लागते. त्यापेक्षा एखादी विश्वासू व्यक्ती निवडा, जिला तुम्ही दर रविवारी फक्त आकडा कळवाल : ‘१,४००.’ तिनं वाचायचं नाही, मत द्यायचं नाही, फक्त ‘मिळालं’ म्हणायचं. लिहिणारी मैत्रीण असेल तर तिचाही आकडा घ्या.

सुरुवात कशी करायची तेही सांगते. पहिल्या बैठकीला सगळी अकरा प्रकरणं वाचायला घेऊ नका, दुरुस्त्या करण्यात रात्र जाईल. अकराव्याची शेवटची दोन पानं वाचा. मग त्या बाईबद्दलची वही. दुसऱ्या बैठकीलाही तीच वही. तिसऱ्या बैठकीला नवी फाईल उघडा, जुनीत पुढे लिहू नका, म्हणजे मागे सरकायचा मोहच होणार नाही. त्या फाईलमध्ये दार त्या बाईच्या बाजूनं उघडा. ती काय करत होती, टकटक ऐकून तिच्या मनात कोण आलं, दारात सुलभाला पाहून तिला आधी काय दिसलं. हे कादंबरीत ठेवायचं नाही, कारण तुमची कादंबरी सुलभाच्या नजरेतून आहे. पण हे तीनशे शब्द झाले की चौथ्या बैठकीला तुम्ही सुलभाच्या बाजूनं तेच दार लिहाल, आणि या वेळी आत कोणीतरी असेल.

खर्डा पुरा झाला की तो काही आठवडे बंद ठेवा. मग कागदावर छापून, हातात पेन न घेता, शक्य तितक्या सलग वाचा. पहिली तीन प्रकरणं तेव्हा हवी तशी सुधारा, ती टिपणांची यादी तेव्हाच उपयोगी पडेल. त्यानंतर एक-दोन वाचकांना द्या. त्यांना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. वाचताना जिथे पुस्तक खाली ठेवलं, त्या पानावर पेन्सिलीनं खूण करायला सांगा.